विळी ज्याने उघडली, त्याने मिटावी



घरात मूल रांगायला लागले की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? विळी जागची हलवतो. मोडती असली तर पाते मिटवून फळीवर ठेवतो, साधी असली तर आडवी करून ओट्याखाली पार आत सरकवतो. पण मूल रांगते म्हणून घरात भाजी चिरायची कुणी थांबत नाही. आणि भाजी चिरली एकीने, विळी उचलायची मात्र दुसरीने, असा नियमही कुठल्या शहाण्या घरात नसतो. जी उठते, ती मिटवून उठते.

आज हे विळीपुराण लावले आहे ते एका पत्रामुळे. पत्र एका तालुक्याच्या गावाहून आले आहे. नाव छापू नका असे लिहिल्यामुळे मी ते देत नाही. या बाईंच्या दिरांनी परदेशातून येताना भावासाठी व्हीआरचा हेडसेट आणला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोहणाऱ्यांच्या चष्म्यासारखा, पण चांगला जाडजूड असा तो डबा पट्ट्याने डोक्याला बांधायचा आणि दोन्ही हातांत एकेक मूठ धरायची. आत दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे समोरचे सगळे खरोखरच उभे आहे असे वाटते. मान वळवली की देखावाही वळतो. हात उचलला की तिथला हातही उचलतो. यालाच आभासी वास्तव म्हणतात. २०१६ मध्ये ऑक्युलस, एचटीसी आणि सोनी यांचे असे संच बाजारात आले, तेव्हा त्यांना कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन जोडावे लागे. फेसबुकच्या मालकीच्या ऑक्युलसने २०१९ मध्ये 'क्वेस्ट' आणला, त्याला वायर नाही की काही नाही. तिथून हा प्रकार दिवाणखान्यात शिरला.

तर पत्रातली हकीकत अशी. यजमान दिवसभर कामावर असतात. जेवणे झाली, मुले झोपली की साडेदहानंतर ते तासभर हा डबा चढवून खेळतात. खेळ कसला, तर अंधाऱ्या गावात चालून येणाऱ्या प्रेतांना गोळ्या घालण्याचा. एका दुपारी शाळा लवकर सुटली. बाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. चौथीतल्या नऊ वर्षांच्या मुलाने कपाटातून हेडसेट काढला आणि बाबांचाच खेळ सुरू केला. बाई खाली येऊन बघतात तो पोर भिंतीला पाठ लावून थरथरत उभे. डोळ्यांवरचे काढून टाकावे एवढेही त्याला सुचत नव्हते. पुढच्या चार रात्री तो दिवा लावून झोपला.

सासूबाई म्हणाल्या, "तू घरातच होतीस ना? मग तुझं लक्ष कुठं होतं?"

यजमान म्हणाले, "मी लहान मूल आहे का? दिवसभर राबून आल्यावर मी काय खेळायचं ते मला कोण सांगणार?"

आणि बाई मला विचारतात, "हा हेडसेट विकून टाकायला सांगू का? की असले खेळ सरकारनेच बंद करायला हवेत?" खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. "मलाही एकदा आत काय असतं ते बघावंसं वाटलं होतं. पण कुणी विचारलंच नाही."

आधी यजमानांची बाजू घेते. रागावू नका, तुमचीही घेणार आहे. कर्ता माणूस, नोकरी करतो, घर चालवतो, रात्री मुले झोपल्यावर तासभर भुते मारतो. त्याने कुणाचे काय बिघडले? आपण प्रौढांसाठीचे सिनेमे पाहतो, खुनाच्या कादंबऱ्या एका बैठकीत संपवतो. मुलांना झेपत नाही ते मोठ्यांनीही घ्यायचे नाही असे ठरवले, तर घरात बडबडगीतांखेरीज काही उरायचे नाही.

या प्रश्नाचा अमेरिकेत कोर्टात पुष्कळ खल झालेला आहे. मिशिगन राज्यात एक कायदा होता. ज्या पुस्तकांनी कोवळी मुले बिघडतील, ती कुणालाच विकायची नाहीत. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिले की हे म्हणजे डुक्कर भाजण्यासाठी घर पेटवण्यासारखे झाले. अशाने राज्यातल्या मोठ्या माणसांना मुलांपुरतेच वाचायला मिळेल.

पुढे व्हिडिओ गेमची पाळी आली. १९९३ च्या डिसेंबरात 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या खेळांवरून अमेरिकेच्या सिनेटपुढे सुनावणी झाली. सरकार कायदा करील या धास्तीने धंद्यातल्या लोकांनी १९९४ मध्ये स्वतःच ईएसआरबी नावाचे मंडळ काढले आणि खेळांच्या वेष्टनावर वयाची खूण छापायला सुरुवात केली. तरी कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये कायदा केलाच. अति हिंसक खेळ १८ वर्षांखालच्या मुलाला विकला तर हजार डॉलरपर्यंत दंड. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तोही रद्द ठरवला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी दाखला दिला तो ग्रिमबंधूंच्या परीकथांचा. त्यांत मुले चेटकिणीला भट्टीत ढकलतात आणि पाखरे सावत्र बहिणींचे डोळे टोचतात. तरी त्या आपण मुलांना देतोच ना! आपल्याकडेही काऊला तापलेल्या तव्यावर बसवून चटका देण्याची गोष्ट सांगता सांगताच आपण पोरांना भरवतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ही परदेशातली कोर्टे आम्हाला कशाला? सांगते. 'मुलांवर परिणाम होईल' हे कारण घरात निघाले की सगळ्यात आधी कुणाच्या हातातली वस्तू काढून घेतली जाते? आईच्या. आपल्या आज्या-पणज्यांनी कादंबरी हातात घेतली की 'मुलांना हेच वळण लावणार का' असे ऐकले आहे. आजही बाईने दुपारी तासभर मोबाइलवर काही पाहिले तर तोच शब्द येतो. म्हणून मोठ्या माणसाने आपल्या फुरसतीत काय करावे हे त्याचे त्याने ठरवायचे, हे तत्त्व आपण सोडू नये. आज ते यजमानांच्या कामी येईल, उद्या आपल्या.

आणि खेळ म्हणजे काही भुतेच नसतात, बरं का. माझ्या नणंदेच्या घरी मी हा डबा चढवून पाऊण तास 'बीट सेबर' खेळले. गाण्याच्या तालावर अंगावर येणारे ठोकळे दोन्ही हातांतल्या तलवारींनी कापायचे. पदर खोचून मी अशी काही तलवारबाजी केली की सासूबाई खुर्चीवर बसून हसून हसून बेजार. घाम निघाला, पण मन कसे हलके झाले! बायकांना असा तास मिळत नाही, तो कुणी दिला तर घ्यावा.

झाली यजमानांची बाजू. आता आईची.

त्याच २०११ च्या निकालात न्यायमूर्ती अलिटो यांनी आपले वेगळे मत लिहिले आहे. कायदा रद्द व्हावा हे त्यांनाही मान्य होते, कारण त्याची शब्दरचना मोघम होती. पण पुस्तक वाचणे आणि असा खेळ खेळणे एकच, असे घाईने म्हणू नका, असे त्यांनी बजावले. चित्रे त्रिमिती होतील, खेळणारा स्वतःचा हात फिरवून बॅट फिरवील. ती चेंडूवर बसेल नाही तर कुणाच्या कवटीवर. तेव्हा ही पुढची गोष्ट होती. आज ती आपल्या कपाटात, उशांच्या अभ्र्यांशेजारी ठेवलेली असते.

टीव्ही आणि हेडसेट यांत आईच्या दृष्टीने मोठाच फरक आहे. टीव्हीवर काय लागले आहे ते फोडणी देता देता कानाला कळते. हेडसेटमधले चित्र आणि आवाज ज्याच्या डोक्यावर तो आहे त्यालाच. आपण शेजारी बसून शेंगा सोलत असलो तरी मूल कुठल्या जगात आहे याचा पत्ता नाही. भीतीच्या सिनेमात मूल आईच्या पदरात तोंड लपवते. इथे मान कुठेही वळवा, भूत तिथेच. त्या पोराला डबा काढायचे सुचले नाही, ते यामुळेच.

आणि भुतांपेक्षा माणसांची काळजी जास्त. या जगात इतर माणसेही येतात, खरीखुरी, देशोदेशीची, बाहुल्यांची रूपे घेऊन. बोलतात, अंगाशी येतात. खेळाच्या वेष्टनावरची वयाची खूण त्या खेळातल्या चित्रांपुरती आणि मजकुरापुरती असते. ऑनलाइन भेटणारी माणसे काय बोलतील याला ती लागू नाही, असे ईएसआरबी स्वतःच सांगते. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने 'होरायझन वर्ल्ड्‌स' हे असेच एक जग २०२१ च्या डिसेंबरात अमेरिका आणि कॅनडात खुले केले, तेव्हा ते १८ वर्षांवरील लोकांसाठीच होते. तरी एका बाईने तक्रार केली की तिथे कुणीतरी तिच्या बाहुलीच्या अंगचटीला आले. २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीने दोन बाहुल्यांमध्ये सुमारे चार फुटांचे अंतर राहील अशी सोय केली. एसटीच्या गर्दीत कोपर पुढे करून उभ्या राहणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटायला नको. मोठ्या बायकांसाठी कुंपण घालावे लागले, तिथे मुलांचे काय! २०२४ च्या जानेवारीत ब्रिटनच्या वृत्तपत्रांत बातमी आली, की सोळा वर्षांखालच्या एका मुलीच्या बाहुलीवर व्हीआरमध्ये काही पुरुषांनी अत्याचार केल्याच्या तक्रारीचा पोलीस तपास करीत आहेत. अंगाला स्पर्श झाला नव्हता, पण मुलीच्या मनाला बसलेला धक्का खराच होता.

मग मुलांना आत सोडतेच कोण? इथेच खरी मेख आहे.

मेटाच्या हेडसेटसाठी आधी किमान वय १३ होते. २०२३ मध्ये कंपनीने ते १० वर आणले, पण १० ते १२ वयाच्या मुलांचे खाते आईवडिलांनी उघडायचे आणि कुठला खेळ घ्यायचा तो त्यांनी मंजूर करायचा, अशा अटीवर. सोनीचा प्लेस्टेशनचा व्हीआर संच १२ वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये असे कंपनीच सांगते. म्हणजे पत्रातल्या नऊ वर्षांच्या मुलाने कुठल्याच हिशेबाने तो चढवायला नको होता.

पण वय तपासते कोण? मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत सहावीच्या वर्गात सहज विचारले, "खेळाचं खातं उघडताना जन्मसाल काय घालता रे?" एक म्हणाला, "बाई, १९९०!" मागून दुसरा ओरडला, "बाई, मी १९८०!" वर्ग खो खो हसला. मलाही हसू आले. तो मुलगा माझ्याहून मोठा निघाला! २०२५ च्या सप्टेंबरात मेटामध्ये काम केलेल्या संशोधकांनी अमेरिकेच्या सिनेटपुढे सांगितले, की वय खोटे सांगून शिरलेली लहान मुले या जगात सर्रास आहेत आणि त्यांना होणाऱ्या त्रासाबद्दलची माहिती कंपनीने दाबली. कंपनीने हे आरोप नाकारले आहेत. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. पण यंत्राला माणूस दिसत नाही, त्याला खाते दिसते, एवढे आपण धरून चालावे. त्या दुपारी यंत्राच्या लेखी खेळणारा चौथीतला मुलगा नव्हता. खाते बाबांचे, म्हणजे खेळणारे बाबाच. मोठ्या माणसाला मोठ्यांचा खेळ दाखवायला यंत्राने का अडवावे?

म्हणून माझे उत्तर असे. यजमानांचे स्वातंत्र्य शाबूत राहू द्या. पण ज्याच्या नावावर खाते, कुलूप लावण्याचे काम त्याचे. मोठा आहे म्हणून जो हक्क सांगतो, त्याने मोठ्यासारखे वागायलाही हवे. खेळ बाबांचा आणि राखण आईची, ही वाटणी चुकीची आहे. पापड वाळत घालणारी बाई कपाटातल्या उघड्या खेळाला जबाबदार कशी? सासूबाईंचा प्रश्न योग्यच होता, फक्त तो लेकालाही विचारायला हवा होता.

कुलूप म्हणजे गोदरेजच्या कपाटाचे नव्हे, ते तर हवेच. हेडसेटलाच कुलपाची सोय आहे. ही कामे एका रविवारी सकाळी अर्ध्या-पाऊण तासात होतात.

एक. क्वेस्टसारख्या हेडसेटला मोबाइलसारखी कुलपाची खूण लावता येते. ती यजमानांनी लावावी. मूल बघत असताना लावू नये, मुलांची नजर फार तेज असते.

दोन. मूल १० वर्षांचे झाले आणि खेळू द्यायचे ठरले, तर त्याचे स्वतःचे, खऱ्या जन्मतारखेचे खाते उघडा. एकाच हेडसेटवर घरातल्या दोघाचौघांची वेगवेगळी खाती राहतात. बाबांचे जग बाबांच्या खात्यात, मुलाचे मुलाच्या. १३ ते १७ वयाच्या मुलांसाठीही आईवडिलांना देखरेख ठेवता येते; किती वेळ खेळला ते दिसते आणि नको तो खेळ अडवता येतो.

तीन. हेडसेटमधले चित्र मोबाइलवर किंवा टीव्हीवर दाखवता येते. मूल आत असताना ते बाहेर दिसलेच पाहिजे, हा घरचा नियम. मग फोडणी देता देता पुन्हा आपल्याला कळू लागते.

चार. वयाची खूण वाचायला शिका. ईएसआरबीचे 'एम' म्हणजे १७ वर्षांच्या पुढे, 'टी' म्हणजे १३ च्या पुढे. युरोपच्या पेगी मंडळाच्या खुणा तर सरळ आकड्यांत असतात : ३, ७, १२, १६, १८. डाळीच्या पुड्यावरची तारीख बघून घेणाऱ्या आपल्याला हे काय अवघड आहे!

पाच. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलाच्या खात्यात बंद ठेवा. खेळायचे तर मावसभावाशी, वर्गमित्राशी, ज्याची आई आपल्याला माहीत आहे त्याच्याशी.

सहा. खेळ दिवाणखान्यात, दार उघडे ठेवून. डोक्यावरचा पंखा बंद करा, हात वर गेला तर पात्याला लागतो. टीपॉय बाजूला करा, धाकटे मूल खोलीत असू नये. डोळे म्हणतात आपण पळतो आहोत आणि शरीर म्हणते जागीच उभे आहोत, या भांडणात मळमळू लागते. बसमध्ये उलटी होणाऱ्या मुलांना हे लवकर होते. तसे झाले की लगेच थांबायचे, 'आणखी पाच मिनिटं' नाही.

सात, आणि सगळ्यात महत्त्वाचे. आत काही वाईट दिसले, कुणी वाईट बोलले, तर ते सांगितल्याबद्दल मुलाला मार बसणार नाही हे त्याला आधीच सांगून ठेवा. घाबरलेल्या मुलाला 'तू हात का लावलास' हा पहिला प्रश्न विचारला, तर पुढच्या वेळी ते काहीच सांगत नाही.

सरकारचे काय, हेही बाईंनी विचारले आहे. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. २०२४ च्या नियमांपासून त्यात ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्याही आल्या. खेळांना बाजारात येण्याआधी अशी तपासणी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरले आहे आणि त्याची माहिती घेण्याआधी आईवडिलांची खात्रीशीर संमती घ्यावी असे कंपन्यांना सांगितले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. चांगलेच आहे. कंपन्यांनी मजबूत कुलूप करून द्यावे यासाठी सरकारने त्यांच्या मागे लागलेच पाहिजे. पण संमतीचा प्रश्न मोबाइलवर येणार, आणि तो मोबाइल मुलाच्याच हातात असला तर 'हो' कोण म्हणणार ते मी सांगायला नको. कुलूप बाजारातून येते. ते लावायला हात घरातलाच लागतो.

आता प्रश्न उरला यजमानांशी बोलायचे कसे. रात्री साडेदहाला, ते डबा चढवायच्या बेतात असताना बोलू नका. त्या वेळी कुणाचेच कुणी ऐकत नाही. रविवारी चहाच्या वेळी बसा. "हा खेळ विका" असे म्हणू नका. म्हणा, "तुम्ही खेळा, माझी ना नाही. पण कुलूप तुम्ही लावायचं, आणि ते लागलंय की नाही ते मी बघणार." कमावत्या माणसाला 'बंद करा' म्हटले की तो अडतो. 'तुमचे तुम्ही सांभाळा' यावर त्याच्याकडे उत्तर नसते. आणि एवढे सांगूनही हेडसेट उघडाच सापडला, तर मग मात्र संकोच धरू नका. कुलूप लागेपर्यंत तो कपाटात बंद आणि किल्ली तुमच्या कमरेला. याने त्यांचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही. ते परत मिळवायला त्यांना दोन मिनिटांचे काम पुरते.

मुलाशीही बोलायला हवे, तेही वडिलांनी. "तो बाबांचा खेळ आहे, तू लहान आहेस" एवढ्यावर मुलाचे समाधान होत नाही. त्याला बाबांनी जवळ घेऊन सांगावे, की ती प्रेते म्हणजे कॉम्प्युटरवर माणसांनी काढलेली चित्रे आहेत, आणि मोठ्यांनाही त्यांची भीती वाटते, म्हणून तर मोठे ती खेळतात. जमले तर तोच देखावा टीव्हीवर दिवसाउजेडी, आवाज बंद करून, मुलाला हवा असेल तरच, दोन मिनिटे दाखवावा. नको म्हणाला तर आग्रह नको. आणि हेही सांगावे, की तू १६-१७ वर्षांचा होशील तेव्हा यातले बरेचसे तुझे तू ठरवशील. मुलाला आपण कायमचे बाहेर ठेवणार नाही आहोत. पतंगाला ढील देतात तशी दर वर्षी थोडी थोडी द्यायची, मांजा मात्र हातात ठेवून. ज्या मुलाने घरात नियम आणि त्यामागचे कारण दोन्ही पाहिले, ते मोठे झाल्यावर स्वातंत्र्य नीट वापरते.

तर ताई, हेडसेट विकू नका. येत्या रविवारी यजमानांना खूण लावायला सांगा, लागलेली बघा. आणि कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगा, "आता अर्धा तास माझा." पंखा बंद, टीपॉय बाजूला. भुते नकोत, आधी ठोकळे कापून बघा. पदर तेवढा नीट खोचा.